मास्तर, पाणमांजर आणि सोमवार

गावातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी शिकवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना ते रस्त्यात थांबवून शिकवत. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, पण त्यांची गाडी कधी गावाची वेस ओलांडून गेली नाही. दवाखान्याचा चौक, पाण्याच्या टाकीचा चढ, बंद गिरणीमागची रिकामी सडक, आणि परत दवाखान्याचा चौक. हजारो माणसं त्यांच्याकडून शिकून देशोदेशी गाड्या पळवायला गेली आणि मास्तर मात्र घाण्याच्या बैलासारखे त्याच फेऱ्या मारत राहिले.

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शिकवण्याशी बाईंचा काडीचा संबंध नव्हता. त्या एका लाँड्रीत रफू करायच्या. कोणाचा कोट सिगारेटनं जळला, कोणाची पँट खिळ्याला अडकली, की कापड बाईंच्या पुढ्यात यायचं. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरा काढून त्या भोक असं बुजवत की नंतर मालकालाही ते सापडत नसे. चोपन्नाव्या वर्षीही सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. त्यामुळे 'माझ्या नजरेतून काही सुटत नाही' असा त्यांना थोडा गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत.

लाँड्रीच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. त्याच्या शेवटच्या पानावर खडकावर उभं असलेलं एक पाणमांजर, मिशांतून पाणी गळतंय, तोंडात मासा. वर्ष संपलं, पण बाईंनी ते पान उतरवू दिलं नाही. अशी पाणमांजरं चार तासांवरच्या खाडीत दिसतात, हे एका गिऱ्हाइकानं सांगितल्यापासून बाईंनी मास्तरांच्या मागे धोशा लावला होता. त्याला आता अकरा वर्षं झाली. दरवर्षी मास्तरांचं उत्तर तयार असे. कधी परीक्षांचा हंगाम, कधी गाडीचं काम. एकदा तर ते म्हणाले होते, "पाणमांजर काय पळून जातंय?" बाई म्हणाल्या होत्या, "तेच तर करतं ते."

आणि या वर्षी, काही ध्यानीमनी नसताना, मास्तरच म्हणाले, "शनिवारी निघू. किनाऱ्यावरची गावं बघू, रविवारी तुझं ते मांजर बघू आणि परत येऊ. सोमवारी मला परिवहन कार्यालयात जायचंय."

सोमवारचं बाईंना ठाऊक होतं. दर पाच वर्षांनी मास्तरांना शिकवण्याचा परवाना नवा करून घ्यावा लागे. तिथला डॉक्टर नाडी बघतो, भिंतीवरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतो आणि शिक्का मारतो. शिक्का नाही तर शाळा नाही. गेले दोन महिने सोमवारचं नाव काढलं की मास्तर खेकसत. बाईंना वाटलं, दोन दिवस समुद्राची हवा लागली तर बरंच होईल, निदान घरात तरी शांतता नांदेल.

शांतता! गाडीत बसल्यापासून बाईंच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

गाडी शाळेचीच. टपावर लाल अक्षराची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी बसवलेला दुसरा ब्रेक. मास्तर चालवणार, म्हणून बाई त्या ब्रेकच्या सीटवर. निघताना पहिली ताकीद मिळाली ती हीच. "पाय त्याला लावायचा नाही. ते खेळणं नाही."

आणि गाव मागे पडताच दुसरं सुरू झालं.

"पुढे काय?" मास्तरांनी विचारलं.

"रस्ता."

"रस्त्यावर काय?"

"ट्रक. समोरून येतोय."

"नुसतं ट्रक काय म्हणतेस? कुठल्या बाजूला? लांब आहे की जवळ?"

"अहो, मी काय फूटपट्टी घेऊन बसलेय? तुम्हाला दिसत नाही का?"

"माझी मुलं बघ," मास्तर म्हणाले. "कालची ती बँकेतली मुलगी. 'समोरून ट्रक, शंभर पावलांवर, डावीकडे सायकलवाला, पुढे गतिरोधक.' असं घडाघडा बोलते. डोळे उघडे ठेवून गाडी चालवायची ती अशी."

ही मास्तरांची नवी पद्धत. गेल्या सात-आठ महिन्यांत त्यांनी ती काढली होती. गाडी चालवताना जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. पाट्या वाचायच्या, माणसं मोजायची. सुरुवातीला लोक हसले, पण मास्तरांची मुलं परीक्षेत धडाधड पास व्हायला लागली, आणि गावातल्या दुसऱ्या दोन शाळांनी ती पद्धत उचलली. तेव्हापासून मास्तरांना कोणी हात लावू शकत नव्हतं. पण बायको म्हणजे काही शिकाऊ विद्यार्थी नव्हे. बाईंकडे सतरा वर्षांपासून परवाना होता. मास्तरांनीच शिकवलं होतं आणि मास्तरांनीच नंतर कधी चाकाला हात लावू दिला नव्हता. का, तर म्हणे, क्लच अजून कच्चा आहे.

तर चार तासांच्या रस्त्याला साडेसहा तास लागले. बाईंनी सव्वाशे ट्रक, चाळीस वळणं, एक मोडका पूल आणि अगणित कुत्री तोंडानं मोजली. डोंगर उतरल्यावर समुद्र पहिल्यांदा दिसला, तेव्हा बाईंच्या तोंडून "अगं बाई, किती निळा!" निघालं, तर मास्तर म्हणाले, "ते राहू दे. वळण कुठल्या हाताला आहे?" बाईंनी कपाळावर हात मारला.

पहिलं गाव कोळ्यांचं. लांबच लांब दगडी धक्का, एका टोकाला दीपगृह, रंगीत होड्या एकमेकींना घासत उभ्या. बाई खिडकीतून होड्यांची नावं वाचण्यात गुंगल्या आणि मिनिटभर गप्प बसल्या. तेवढ्यात मास्तरांनी गाडी सरळ धक्क्यावर घेतली आणि वाळत घातलेल्या जाळ्यावर नेऊन उभी केली.

"अहो टोपीवाले!" होडीतून एक बाई ओरडत आली. दोन्ही हात मासळीच्या खवल्यांनी चमकत होते. "डोळे आहेत की बटणं?"

"जाळं रस्त्यात पसरायचा नियम आहे का?" मास्तर काच खाली करून म्हणाले. चूक कबूल करणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं.

"रस्ता? रस्ता तिकडे राहिला! हा धक्का आहे धक्का! आणि वर पाटी लावलीय शिकवायची! कोणाला शिकवता, माशांना?"

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चाकाखालून जाळं सोडवताना त्याची पाच-सहा घरं तुटली. मग बाई तिथेच दगडावर बसल्या आणि कोळणीकडून दोरा मागून घेतला. पहिली गाठ कोळणीनं उसवून टाकली. "शर्टाला चालेल ही. मासा हसेल." दुसरी तिनं दाखवली, तिसरी बाईंना जमली. तासाभरानं कोळीण इतकी निवळली की म्हणाली, "दीपगृहामागच्या खडकावर बघा जाऊन. पाणकावळे बसलेत पंख पसरून, पन्नास तरी असतील."

खरंच होते. काळेभोर, ओले, पंख वाळत घातलेले, जणू लाँड्रीच्या मागच्या अंगणातले कोट. बाईंना एवढा आनंद झाला की दिवसभराचा राग त्या विसरल्या.

"बघितलेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो तर! वा!" मास्तर म्हणाले. "काय पांढरेशुभ्र आहेत!"

"पांढरे?"

"उन्हात तसे वाटतात," असं म्हणून मास्तर गाडीकडे चालू लागले. बाईंनी मनात म्हटलं, याला पक्ष्यांशी काय देणंघेणं! बघायचं म्हणून बघितलं आणि बोलायचं म्हणून बोलला. अकरा वर्षं हट्ट धरून आणलं कोणाला, तर या दगडाला. चडफडत त्याही मागोमाग गेल्या.

रात्रीचा मुक्काम पुढच्या गावात, बंदराजवळच्या एका लॉजवर. सकाळी बाई उठल्या तर मास्तर न्हाणीघरात, आणि आतून आवाज येतोय. "क. ट ल. न प घ. र म च त..." बाईंनी आधी दुर्लक्ष केलं. मास्तर देवाचं नाव घेणारे नव्हते, पण समुद्र बघून माणसाला काहीही सुचतं. मग शर्टाचं बटण लोंबताना दिसलं, म्हणून त्यांनी शर्ट हातात घेतला. खिशात घडी घातलेला कागद होता. त्यावर जाड पेनानं अक्षरं काढलेली, प्रत्येक अक्षर अंगठ्याएवढं. वर एक, खाली दोन, त्याखाली तीन, अशा सहा ओळी.

एवढ्या मोठ्या अक्षरांतली किराणा मालाची यादी कोणी करत नाही. फळा! परिवहन कार्यालयातल्या डॉक्टरचा फळा हा माणूस पाठ करत होता!

बाईंचं डोकंच फिरलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, तर सरळ जाऊन नवा चष्मा करून घ्यायचा की नाही? पण नाही. मास्तरांची नजर अधू झाली असं गावात कोणी म्हटलं तर नाक कापलं जाणार ना! त्यापेक्षा पोरासारखी कॉपी करा. दुसऱ्याला म्हणे नियम शिकवतात. चहा झाला की चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवून त्यांनी बटण लावलं आणि कागद होता तसा खिशात ठेवला. पण चहाच्या वेळी लॉजचा मालक गप्पा मारायला बसला, आणि चारचौघांत नवऱ्याची खरडपट्टी काढायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. म्हणून ते गाडीत बसेपर्यंत राहिलं.

गाडीत बाई हुप्प होऊन बसल्या. कुठून सुरुवात करावी याची जुळवाजुळव चालली होती. मास्तरांनी दोनदा "पुढे काय?" विचारलं, बाईंनी उत्तर दिलं नाही. गाव संपत आलं होतं. रस्ता सरळ, रिकामा, स्वच्छ ऊन. एक म्हातारा डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची उलटी घालून रस्ता ओलांडत होता, अगदी सावकाश, घराच्या अंगणातून चालावं तसा. बाईंना तो शंभर पावलांवरून दिसला. गाडीचा वेग कमी होईना. पन्नास पावलं. मास्तर सरळ समोर बघत होते, म्हाताऱ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

बाईंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडी करकचून थांबली आणि बंद पडली. खुर्ची बॉनेटपासून हातभर अंतरावर. म्हाताऱ्यानं खुर्चीखालून एकदा पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि पलीकडे निघून गेला.

"गाडी कोण चालवतंय?" मास्तर गरजले. "तुला सांगितलं होतं, पाय लावायचा नाही! मागून कोणी धडकलं असतं म्हणजे?"

"म्हातारा होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"कुठे? ... हो, तो ना! दिसला की मला. थांबवणारच होतो." मास्तरांनी गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर हळू आवाजात विचारलं, "पुढे काय?"

आणि बाईंना तो प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला. काल सकाळपासून शंभरदा विचारलेला. शिकवायची खोड नव्हती ती. हा माणूस खरंच विचारत होता.

खाडी दोन किलोमीटरवर राहिली होती. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना खड्डा, थांबायला जागा नाही. ब्रेकवर पाय ठेवून बाई बोलत राहिल्या. "समोर कोणी नाही. आता उजवं वळण. हळू. डावीकडे खांब. अजून हळू." मास्तरही तसतशी गाडी घेत राहिले, आणि त्या ब्रेकबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.  तरी बाईंचं मन मानत नव्हतं. चष्माच असेल, असं त्या स्वतःला पुन्हा पुन्हा समजावत होत्या.

खाडीवर ओहोटी होती. काळा चिखल, मधूनमधून खडक, पाण्यापर्यंत उतरलेली झुडपं. चिटपाखरू नव्हतं. दोघं एका ओंडक्यावर बसले. समोर वीस पावलांवर एक खडक होता, स्वच्छ, कोरडा, रिकामा. बाई त्या खडकाकडे बघत राहिल्या. नजरेतून काही सुटत नाही म्हणे! इतके महिने एकाच घरात राहून एवढं मोठं भोक दिसलं नाही. त्यांनी हात उचलून बोट दाखवलं.

"अहो, बघा, बघा! पाणमांजर! त्या खडकावर!"

मास्तरांनी मान पुढे केली. चेहरा हसरा झाला. "अरे वा! दिसलं, दिसलं! काय गोंडस आहे गं! मासा आहे ना तोंडात?"

"हो," बाई म्हणाल्या. "मासा आहे."

"आलो ते सार्थक झालं."

"तिथे काही नाहीये," बाई म्हणाल्या. "खडक आहे नुसता."

मास्तरांचं हसू बराच वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखं. मग ते खाली बघायला लागले.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"आठ महिने."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं."

"चष्मा?"

"चष्म्याचं काम नाही ते. वाढू नये म्हणून इंजेक्शनं आहेत. गेलेलं येत नाही."

बाईंना रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. "आणि आठ महिने तुम्ही लोकांच्या मुलांना घेऊन रस्त्यावर फिरताय? ती पोरं बोलतात म्हणून तुम्हाला कळतं पुढे काय आहे! आणि गाव टाळ्या वाजवतंय, मास्तरांची नवी पद्धत म्हणून!"

"मुलं पास होतात ना पण," मास्तर म्हणाले. "त्या पद्धतीत खोट नाही."

"खोट पद्धतीत नाही, तुमच्यात आहे! तो म्हातारा आत्ता चाकाखाली गेला असता! फळा पाठ केलात म्हणून तो वाचला असता का? मला एका शब्दानं सांगता आलं नाही? मी कोण आहे, शेजारीण?"

"सांगितलं असतं तर तू शाळा बंद करायला लावली असतीस."

"लावलीच असती!"

"मग मी काय करू?" मास्तर एकदम म्हणाले. "सकाळी उठून मी काय करू, ते सांग ना. मला दुसरं काय येतं?"

 बाई आणखी चिडल्या. "आणि एवढं असताना ही सहल कशाला काढलीत? अकरा वर्षं हलला नाहीत, आणि दिसेनासं झाल्यावर निघालात?"

"सोमवारी पकडला गेलो, तर मग संपलंच ना," मास्तर म्हणाले. "तू एवढी वर्षं म्हणत होतीस. वाटलं, एकदा तरी मीच तुला घेऊन यावं."

"मारायला?" बाई म्हणाल्या.  रागही जाईना आणि दुसरं काही येऊही देईना, अशी पंचाईत झाली. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. आणि तो खिशातला कागद."

मास्तरांनी आधी किल्ली दिली. कागद काढायला वेळ लावला. मग तोही दिला. बाईंनी त्याचे चार तुकडे करून पर्समध्ये टाकले आणि दोघं तिथेच बसून राहिले. भरती लागली. पाणी चिखलावरून पुढे सरकायला लागलं.

तेव्हा झुडपाखालून एक चपटं डोकं पाण्यावर आलं. बाई श्वास रोखून बघत राहिल्या. डोकं खडकापर्यंत आलं, मग मागून लांबलचक तपकिरी अंग वर चढलं, आणि खडकावर उभं राहून मिशा झटकायला लागलं. कॅलेंडरपेक्षा लहान होतं, आणि जास्त उद्धट. बाईंनी मास्तरांच्या मनगटावर हात ठेवला.

"आलंय," त्या कुजबुजल्या. "आता खरंच आलंय. त्याच खडकावर."

मास्तरांनी मान वळवली. सवयीनं "हो" म्हणायला ओठ उघडले आणि तसेच थांबले. त्यांनी मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे, कडेनं काही सापडतं का बघायला.

"नाही गं," ते म्हणाले. "मला नाही दिसत."

आठ महिन्यांत पहिल्यांदा. मघापासून हेच वाक्य त्यांच्या तोंडून काढायला बाई भांडत होत्या. आता ऐकलं, आणि त्यांना वाटलं, पुन्हा खोटं बोलले असते तरी चाललं असतं. खडकावर काहीतरी कडकड खाल्ल्याचा आवाज येत होता, पण बाई तिकडे बघत नव्हत्या. त्या मास्तरांकडे बघत होत्या.

"हेच," त्या शेवटी म्हणाल्या. "सोमवारी डॉक्टरपुढे उभं राहून हेच म्हणायचं. अगदी असंच. मी येते बरोबर."